कंट्रोलची खुर्ची

तिचा आवाज मी प्रथम ऐकला तेव्हाच तो मला खुपला, कारण तो फार चांगला होता.

पूर आला, मोबाईल मुके झाले, तर बिनतारी संचावरून निरोप कसे न्यावेत, हे मी भिवंडीतल्या हौशी रेडिओ स्वयंसेवकांना कित्येक वर्षं शिकवते आहे. ती शेलार गावची, दवाखान्यात परिचारिका. परवाना मिळून जेमतेम वर्ष झालेलं. संचावर माझा आवाज पत्र्यासारखा वाजतो. तिचा मात्र पिंजलेल्या कापसासारखा, खरखरीतून अलगद वर येणारा. आमच्यातले यंत्रमाग दुरुस्त करणारे चाचा म्हणत, "मॅडम, ये बोलती है तो लूम का शोर भी बैठ जाता है." मला हसावं लागे.

पावसाळ्याआधीच्या सरावात मी तिला मुद्दाम वळ गावच्या गोदामांतल्या ठाण्यावर पाठवलं. तिथल्या पत्र्याच्या छपरांखाली लहरी अडखळतात. कंट्रोलच्या खुर्चीत नेहमीप्रमाणे मी. कंट्रोलने पुकारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही, पण कुणी 'इमर्जन्सी' म्हटलं तर बाकी सगळ्यांनी थांबून त्याला वाट द्यायची, हा नियम मीच प्रत्येकाकडून घोकून घेतलेला.

"इमर्जन्सी," ती म्हणाली.

"वळ, थांबा. तुमची पाळी नाही."

"ताई, गणेशपुरीचा निरोप हाय. त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत न्हाय पोचत..."

"थांबा म्हटलं ना!"

हेडफोनच्या तापल्या रबराचा वास नाकात भरला होता. मी उरलेली ठाणी एकेक करून पुकारली, मग तिला. निरोप होता: जखमी माणूस, रक्तस्राव, रुग्णवाहिका हवी. जखमी अर्थात सरावापुरता.

"पेशंट तो गया, मॅडम," चहाच्या वेळी चाचा म्हणाले. सगळे हसले. ती हसली नाही. "गोदामातून माझा आवाज फाटत व्हता का, ताई?" तिने हळूच विचारलं. सुटायची वाट ती मलाच काढून देत होती. तिचा शब्द न् शब्द मला स्वच्छ ऐकू आला होता.

"नाही," मी म्हणाले.

पावसाळ्याच्या ड्युटीचा तक्ता त्याच संध्याकाळी लावायचा होता. कंट्रोलपुढे मी तिचं नाव लिहिलं, वळपुढे माझं. ते औदार्य नव्हतं. खऱ्या पुरातही मी तिला अडवलं असतं, एवढंच मला कळलं होतं.

त्या तक्त्याने माझा मत्सर काही गेला नाही. पहिल्या ड्युटीला मी वळहून निरोप दिला, तेव्हा ती म्हणाली, "ताई, पुन्हा सांगा. सावकाश."

दात आवळून मी पुन्हा सांगितलं. सावकाश.