रुखवतातलं लढाऊ विमान

आमच्या मामाइतका हट्टी माणूस तापीच्या अलीकडच्या काठाला झाला नाही, आणि पलीकडच्या काठाला झाला असेल तर त्याची नि मामाची गाठ पडू नये म्हणूनच देवानं मध्ये नदी घातली असावी. शहाद्यात लोक त्याला ‘रंगारी मामा’ म्हणत. दुकानांच्या पाट्या, बैलगाड्यांची चाकं, पोळ्याला बैलांची शिंगं, जे पुढ्यात येईल ते तो रंगवी, पण स्वतःच्या मर्जीनं. एका किराणावाल्या शेठजींना पाटी हिरवी हवी होती. मामानं तांबडी केली. शेठजी तणतणत आले, तर म्हणाला, “हिरवी तुम्हना डोळास्ले बरी दिसी, गिऱ्हाइकले नही.” पाटी तांबडीच राहिली. शेठजींनी तिच्याकडे बघणं तेवढं सोडून दिलं.

हा मामा तरुणपणी घरातून पळून मुंबईच्या गोदीत रंगकामाला लागला होता. ते दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे दिवस. एकदा गोऱ्यांचं एक अवाढव्य जहाज धक्क्याला लागलं, आणि त्याच्या सपाट पाठीवर चक्क विमानं उभी होती. एकावर एक असे दोन मजली पंख, मध्ये तारा ताणलेल्या, अंग चांदीसारखं. त्यातल्या एका लढाऊ विमानाच्या पाठीमागचा निळा पट्टा उडाला होता, तो नव्यानं मारायचं काम मामाकडे आलं. पट्टा वाळायच्या आत जहाज सुटलं. विमान उडताना त्यानं पाहिलंच नाही. पुढे लढाई झाली, गोरे गेले, मामा शहाद्याला परत आला, मामी आली, पण हा पट्टा काही त्याच्या डोक्यातून जाईना. माझं लग्न ठरलं त्या वर्षी त्यानं जाहीर केलं की भाचीच्या रुखवतात ते विमान ठेवायचं. माझ्या आईनं डोक्याला हात लावला. मी तर दोन वेळा जेवले नाही. तिसऱ्या वेळेला वांग्याचं भरीत होतं, म्हणून जेवले.

मी तेव्हा कशी होते ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही आजच्या मला पाहून फसाल. मी मॅट्रिक पास होते आणि ते तोंड उघडायच्या आधीच लोकांना कळावं अशी माझी चाल होती. नवरा धुळ्याचा, शिकलेला, चष्मेवाला. त्याच्या घरच्यांवर छाप पडावी म्हणून मी रुखवतासाठी मण्यांचा पोपट, लोकरीची बदकं आणि साखरेचं तुळशीवृंदावन केलं होतं. बदकांच्या माना लुळ्या पडत. ती कायम झोपेला आलेली दिसत. तरी या कलाकुसरीत एक लढाऊ विमान उभं राहणार, या कल्पनेनं मला घाम फुटे.

मामाच्या कामाची तऱ्हा मात्र बघण्यासारखी. नकाशा नाही, पुस्तक नाही, सगळं डोक्यात. गोदीत असताना त्यानं ते विमान पावलांनी मोजून ठेवलं होतं. मोजमापाचा नियम एकच. खऱ्या विमानाचा एक फूट म्हणजे आपलं एक बोट. मी शहाणपणानं विचारलं, “कुणाचं बोट, मामा?” तो म्हणाला, “मन्हं. विमान मी बांधी ऱ्हायनू ना, मंग तुन्हं बोट कसाले?” मध्येच लाकूड तासताना पटाशी लागून ते बोट सुजलं, तर या गड्यानं काम बंद ठेवलं. माप बिघडेल म्हणून! मामी म्हणाली, “दुसरा हातनं बोट लावा ना.” त्यावर मामानं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं दुसरा नवरा करते म्हटलं.

लाकूड पांगाऱ्याचं, कापसासारखं हलकं. त्यासाठी तो तळोद्याच्या बाजाराला जाऊन डोंगरातून आलेल्या लोकांजवळ तासन् तास ओंडके हातात तोलत बसे. पंखांचे सांगाडे बांबूच्या कामट्यांचे, वर मामीच्या जुन्या मलमलीचं कापड, खळ देऊन ताठ केलेलं. इंजिनाला सुताची रिकामी रिळं, गोल मांडलेली. पंखांमधल्या तारा म्हणजे म्हशीच्या शेपटीचे केस. त्यासाठी मामीची म्हैस आठवडाभर त्याला जवळ येऊ देत नव्हती. पुढचा पंखा शिसवीचा, आरशासारखा घासलेला. हे सगळं चिकटवायला तो परसात सरस उकळायचा. सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा. शेजारच्या मारवाडणीनं एकदा भिंतीवरून डोकावून विचारलं, “मामाजी, काई रांधो हो? वास भोत आवे.” मामानं खरं ते सांगितलं. बिचारीनं तीन दिवस भिंतीकडची खिडकी उघडली नाही, आणि चौथ्या दिवशी राळेचा डबा पाठवून दिला. म्हणाली, “यासूं चिपकाओ.” मामानं राळ ठेवून घेतली आणि सरस उकळत राहिला.

रंगाच्या वेळी तर घरात सोवळं पाळावं तसं वातावरण. धूळ बसू नये म्हणून मामीनं झाडू मारायचा नाही, कुणी दार आपटायचं नाही, शिंक आली तर अंगणात जाऊन द्यायची. पाण्याच्या टाक्यांना देतात तो चंदेरी रंग, हातावर हात. मग पाठीमागे निळा पट्टा. तो मारताना मामानं श्वास रोखला होता. ब्रश उचलल्यावर हळूच म्हणाला, “हाऊ पट्टा मी मारेल शे.” कोणता पट्टा, इथला की तिथला, ते मी विचारलं नाही. मला तेव्हा माझ्या बदकांची काळजी होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या वडिलांनी, आबांनी, तोडगा काढला. विमानाला पुष्पक म्हणावं, आत राम-सीतेच्या बाहुल्या बसवाव्यात, म्हणजे शुभही झालं आणि मामाचंही राहिलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामा म्हणाला, “भाऊजी, विमान एकच मानूसनं शे. राम बठना, मंग सीतामायनी कोठे बसानं? पंखवर?”

“बरं, एकटा राम बसाडू.”

“सीतामायले सोडीसन राम कोठे चालना? लगीनघरमा असं दाखाडशात?”

आबांनी आणखी एक देव काढला. “मंग मारुती?”

“मारुतीले विमान कसाले पाहिजे? तो ते तसाच उडस!”

आबा उठून आचाऱ्याशी भांडायला निघून गेले. विमान रुखवतात तसंच राहिलं, मोकळं, बदकांच्या पुढे नाक करून.

लग्नाच्या दिवशी मी पिवळी साडी नेसून गौरीहराशी बसले होते. तिथून नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा, आणि मुहूर्ताला तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामाच. मला मामा एकच. बाहेर रुखवत बघायला धुळेकर मंडळी जमली आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या आत्याबाईंचा आवाज आला. “अगंबाई! मंगलकार्यात लढाईचं यंत्र? हे कुणी मांडलं? उचला आधी!” कुणीतरी पुष्पकाची गोष्ट काढली. आत्याबाईंनी रुखवतातलीच एक रामाची बाहुली उचलली आणि विमानातल्या माणूस बसायच्या खोबणीत कोंबली. बाहुली जाड होती. कट्ट असा आवाज झाला. वरच्या पंखाचा एक टेकू मोडला.

मामा पुढे झाला. बाहुली काढून त्यानं जागेवर ठेवली, विमान काखेत घेतलं आणि मांडवाच्या दाराकडे निघाला. आबा आडवे आले, तर एवढंच म्हणाला, “विमान चालनं, मी बी चालनू.”

नवरीनं गौरीहरावरून उठायचं नसतं. मी उठले. मामाच्या मायेनं माझं काळीज भरून आलं असं तुम्हाला वाटत असेल, तर आधी खरं ऐका. मला पहिल्यांदा वाटलं ते हे, की मामा गेला तर मुहूर्त टळेल आणि माझी मोगऱ्याची वेणी सुकेल. पण दारात पोचले तेव्हा दोन-चार धुळेकर मामाच्या पाठीकडे बघून हसत होते. त्या हसण्यानं माझी मॅट्रिक, माझी वेणी, सगळं पेटलं.

“मामा, विमान ज्या जागी होतं त्या जागी ठेवा,” मी म्हणाले. “रुखवत माझं आहे. ते ठेवलं की मला न्यायला या, तोवर मी येणार नाही.”

आत्याबाई म्हणाल्या, “अगं मुली, सासरची माणसं बोलताहेत!”

“आत्याबाई, ते एकाच माणसाचं आहे. फारच वाटत असेल तर तुम्ही बसा.”

आई भिंतीला टेकली. आणि पाटावर बसलेल्या माझ्या चष्मेवाल्या नवऱ्याला हसू फुटलं. चांगलं खदखदून. त्या एका हसण्याच्या भांडवलावर मी पुढे सगळा संसार केला. विमान जागेवर गेलं, मामा मला घेऊन मांडवात आला, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत माझ्या पाठीशी खांबासारखा उभा राहिला. रंग अजून पुरता वाळला नव्हता. माझ्या पिवळ्या साडीच्या खांद्यावर त्याची चार चंदेरी बोटं उमटली. सासूबाईंनी ती रॉकेलनं घासायला घेतली होती, मी घासू दिली नाहीत.

पाठवणीला माझ्याबरोबर पाठराखीण म्हणून मावशी यायची होती. आला मामा. विमान दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायची त्याची तयारी नव्हती. त्या काळी आमच्या वाटेवर तापीला पूल नव्हता, उन्हाळ्यातही मधली धार नावेनंच ओलांडायची. मी नवऱ्यामुलीला शोभेल असं रडत बसले होते. मध्यावर आलो तसा पश्चिमेकडून वारा सुटला. मामा उठला, नावेच्या टोकाशी गेला आणि ते विमान दोन्ही हातांनी वाऱ्यासमोर धरलं. नावाडी ओरडला, “मामा, बसा, पडशात!” मामा बसला नाही. शिसवीचा पंखा आधी अडखळला, मग फिरू लागला, मग दिसेनासा झाला. नुसती एक गोल धूसर झाक, आणि तिच्यामागे थरथरणारे चंदेरी पंख.

मामानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. मला सासरी पोचवायला आपण निघालो आहोत, हेही तो विसरला असावा. माझं रडणं कधी थांबलं ते मला कळलं नाही. पलीकडचा काठ जवळ येत होता. मी पदर सावरून नावाड्याला म्हणाले, “दादा, धीरे चालाड. घाई नही शे.”

सासरच्या माणसांना वाटलं, पोरीला माहेर सुटवत नाही. मी त्यांना तसं वाटू दिलं.