दाजूला घरी न्यायची गाडी

मेस्त्रींनी गाडीच्या मधल्या रांगेतली डावी सीट काढून बाहेर ठेवली आणि हात पुसत विचारलं, "बाई, आता तरी सांगा. नेताय कुठं गाडी?"

"नेपाळला."

"कुठं?"

"नेपाळला. दाजूला घरी सोडायला."

माझी ही जुनी सात जणांची गाडी आंब्याच्या पेट्या घेऊन कोल्हापूरपर्यंत गेली होती, त्याच्या पुढं कधी नाही. आणि तिला चालवणारी मीही नाही. हे मेस्त्रींना पक्कं ठाऊक होतं. ते गाडीखाली सरकले आणि तिथूनच म्हणाले, "मग खालचा पत्रा बघायला हवा. खाऱ्या वाऱ्यानं बराच खाल्लाय."

दाजू आमच्या बागेचा राखणदार. वडिलांनी त्याला ठेवलं तेव्हा मी नुकतीच शाळेत नोकरीला लागले होते. गावात त्याला सगळे गुरखा म्हणत. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला सांगितलं, "गुरखा नको ताई, दाजू म्हण. आमच्यात मोठा भाऊला दाजू बोलतात." तेव्हापासून तो दाजू. एकतीस वर्षं तो आमच्या कातळावरच्या बागेत राहिला. मोहोर धरल्यापासून शेवटचा आंबा उतरेपर्यंत वानरांमागं धावायचा आणि पावसाळ्यात दोन महिने घरी जायचा. आधी रेल्वे, मग बस, मग जीप, मग अर्धा दिवस चालत. परत आला की दरवर्षी सांगायचा, "रस्ता येतोय ताई. आमच्या डोंगरात रस्ता येतोय. आला की तू गाडी घेऊन यायचं."

मी लग्न केलं नाही. वडील गेल्यावर सत्तेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले, ती दाजूच्या जिवावर. त्याला स्वतःला चालवता येत नव्हती. शेजारच्या सीटवर बसून तो नुसता "हळू, ताई, हळू" म्हणायचा आणि बागेतल्या वाटेवर मोठा दगड दिसला की खाली उतरून तो बाजूला टाकायचा. घरातून बाहेर पडताना "कुठं चाललीस?" असं विचारणारं माणूस वडिलांनंतर तेवढंच उरलं होतं.

एकतिसाव्या वर्षी दिवाळीत त्याचे डोळे पिवळे झाले. मी कावीळ समजून पथ्य सुरू केलं. मग तपासण्या झाल्या, कोल्हापूरला नेलं. यकृताचा कॅन्सर होता आणि तो पसरला होता. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं.

"त्यांचं घर कुठं?"

"नेपाळात. पश्चिमेकडं, डोंगरात."

"जायचंय म्हणतात ते. नेता आलं तर न्या. मात्र वेळ घालवू नका."

येताना आंबा घाटात मी गाडी बाजूला घेतली आणि दाजूला सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, तो माझ्या तोंडाकडंच बघत होता. त्यानं दरीकडं तोंड वळवलं. मग म्हणाला, "रेल्वेत नाही जमणार आता. बसायला होत नाही. रस्ता झाला घरापर्यंत, ताई."

"मी नेते तुला," मी म्हणाले.

इतकं बोलून गेले आणि घरी आल्यावर नकाशा काढून बसले. दोन हजार किलोमीटरच्या वर रस्ता. सगळा उत्तरेकडचा मुलूख. शेवटी दुसरा देश आणि डोंगर. गाडीत इतका आजारी माणूस. दाजूचा मेहुणा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरवर खलाशी होता, पन्नाशीचा, शांत माणूस. तो बोटीवरून रजा घेऊन सोबत यायला तयार झाला. पण गाडी त्यालाही येत नव्हती. चालवायची मलाच होती. पगारी ड्रायव्हर घ्यावा, असं एकदोघांनी सुचवलं. दाजू म्हणाला, "ताई चालवेल." मग तो विषय मिटला.

मी एक वही केली. शाळेत सहलीच्या आधी करायचे तशीच. ब्रेक, क्लच, टायर, बॅटरी, खालचा पत्रा, दिवे. गाडीची कागदपत्रं, प्रदूषणाचा दाखला, लायसन्स, माझं मतदार ओळखपत्र. नेपाळच्या नाक्यावर गाडीसाठी घ्यायचा परवाना. त्याला तिकडं भन्सार म्हणतात, हे मेहुण्यानं सांगितलं. काढलेल्या सीटच्या जागी मेस्त्रींनी फळी बसवली, तिच्यावर मी गादी शिवून घेतली, आणि उलटी झाली तर पुसता यावं म्हणून तिला रेक्झिनचा अभ्रा केला. दाजू खुर्ची टाकून अंगणात बसायचा आणि हे सगळं बघायचा.

"गाडी तयार झाला?" तो रोज विचारायचा.

"होतेय रे. टायर यायचेत."

टायर आले. मग मेस्त्री म्हणाले, क्लच प्लेट अजून वर्षभर चालेल. मी म्हटलं, डोंगरात दगा द्यायला नको, बदलूनच टाका. ती पुण्याहून मागवली. सहा दिवस गेले. मग विमा आठवला. आपल्याकडचा विमा तिकडं चालावा म्हणून वेगळी नोंद करून घ्यावी लागते. विमा कचेरीतल्या बाईंनी हसून विचारलं, "अरे वा, नेपाळ! फिरायला चाललात?"

"नाही. आमच्या माणसाला सोडायला."

"असं? मग तिकडं बघण्यासारखं खूप आहे म्हणतात. चार दिवस जास्त धरा."

मी मान हलवली आणि फॉर्म भरला. ती नोंद व्हायला आठ दिवस लागतील असं कळलं. मी थांबले.

त्या आठ दिवसांत एकदा फळीची परीक्षा घ्यावी म्हणून आम्ही गणपतीपुळ्याला गेलो. मेहुणा पुढं बसला, दाजू मागं आडवा. आरे-वारेचा चढ मी दुसऱ्या गिअरमध्ये अलगद चढवला. खाली समुद्र उन्हात चमकत होता. दाजू उशीवर मान वळवून खिडकीतून बघत होता. आदल्या रात्री त्याच्या पोटात काही राहिलं नव्हतं, पण त्या सकाळी चेहरा खुलला होता. पुळ्याला पोचल्यावर त्यानं पाणी मागितलं, दोन घोट प्यायला आणि म्हणाला, "त्रास नाही ताई. एकदम मस्त. चल ना. असंच पुढं चल."

"आत्ता? असंच?"

"हो. असंच. मेहुणा आहे, औषध आहे. घरी फोन करू."

मी हसले. "वेडा की काय! विम्याचा कागद नाही हातात. अंगावरच्या कपड्यांनिशी जातात का परदेशात?"

तोही हसला. मी गाडी वळवली आणि जेवायच्या वेळेला आम्ही घरी पोचलो. त्या दिवशी आम्ही असंच पुढं गेलो असतो, तर पाचव्या दिवशी तो आपल्या अंगणात असता. हा हिशेब मी नंतर इतक्यांदा केलाय की त्याची उजळणी नको वाटते.

विम्याचा कागद आला. शनिवारी निघायचं ठरलं. गुरुवारी टीव्हीवर उत्तरेतलं धुकं दाखवलं. रस्त्यावर एकात एक घुसलेल्या गाड्या, पुढचं काही दिसत नाही. मी रिमोट हातात धरून बसून राहिले. आपण कधी धुक्यात गाडी चालवली नाही, मागं आजारी माणूस, काही झालं तर? शुक्रवारी सकाळी मी दाजूला म्हणाले, "धुकं ओसरू दे. दहा-बारा दिवस थांबूया. मी दोन पिवळे दिवे बसवून घेते."

तो म्हणाला, "तू बोलते तसं."

त्याच आठवड्यात त्याच्या बायकोचा व्हिडिओ कॉल आला. मी तिला अशीच फोनवर पाहिलेली. डोक्याला ओढणी बांधलेली, उन्हानं रापलेली. तिची भाषा मला तुटक समजायची. ती फोन घेऊन घराबाहेर आली आणि आम्हाला जमीन दाखवू लागली. घराशेजारी उतारावर मक्याचा एक लहानसा तुकडा होता. तो तिनं खणून सपाट केला होता. कडेला दगड रचले होते.

"काय म्हणते?" मी मेहुण्याला विचारलं.

"गाडीला जागा केली म्हणते. ताईच्या गाडीला वळवायला पण जागा आहे."

दाजूनं फोन हातात घेतला आणि बराच वेळ तो तुकडाच बघत राहिला. त्यानंतर त्यानं "गाडी तयार झाला?" असं विचारणं बंद केलं.

पिवळे दिवे बसले. निघायचा नवा दिवस गुरुवार ठरला. सोमवारी सकाळी मी स्टेपनीत हवा भरायला साळवी स्टॉपला गेले होते. खरं तर हवा होती. पण वहीत तेवढंच एक काम उरलं होतं. हवा भरणारा माणूस टायरवर वाकला होता तेव्हा मेहुण्याचा फोन आला.

"ताई, घरी या."

"जास्त झालंय का? डॉक्टरांना घेऊन येऊ?"

"डॉक्टर नको. तुम्ही या."

मी आले तेव्हा दाजू पडवीत, आपल्या खाटेवर होता. सकाळी मी दिलेली पेज अर्धी संपली होती. मेहुण्यानं त्याचे डोळे मिटले होते आणि उशाशी बसून त्याचे केस नीट करत होता. मी गाडीची किल्ली हातात घेऊनच उभी राहिले. कितीतरी वेळ. शेवटी शेजारच्या काकूंनी ती माझ्या मुठीतून काढून घेतली. "बस गो खाली," त्या म्हणाल्या, "बस आधी."

त्याला आमच्याच गावच्या स्मशानात नेलं. त्याची बायको फोनवर सगळं बघत होती. तिनं एकदाच विचारलं, की अस्थी कोण आणणार. मी मेहुण्याला म्हटलं, "सांग, मी आणते. गुरुवारीच निघते."

सगळ्यांनी समजावलं, की अस्थी मेहुणा रेल्वेनं नेईल, तुम्ही कशाला जाता, आता काय घाई आहे. मी ऐकलं नाही. ती फळी मी काढू दिली नाही. तिच्यावर दाजूची पत्र्याची ट्रंक ठेवली, त्याचं कांबळं ठेवलं, मध्ये पितळी डब्यात अस्थी. गुरुवारी उजाडताना निघालो.

उत्तरेत धुकं होतं. पण सकाळी दहापर्यंत धाब्यावर चहा पीत थांबलं की रस्ता दिसायला लागायचा, आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठला की झालं. इतकंच होतं ते. इंदूर गेलं, आग्रा गेलं, बरेली गेलं. मला वाटत होतं, वाटेत काहीतरी बिघडावं. टायर फुटावा, ब्रेक अडकावा, एखाद्या पोलिसानं विम्याचा कागद मागावा. म्हणजे मेस्त्रींकडं घालवलेल्या एकेका दिवसाला काही अर्थ राहील. गाडी एकदाही कुरकुरली नाही. कुणी एक कागद उघडून बघितला नाही.

बनबस्याला नदीवरच्या अरुंद पुलावरून पलीकडं गेलो. माझ्या आयुष्यातला पहिला परदेश. नाक्यावरच्या माणसानं भन्सारचा कागद भरताना विचारलं, "किती जण?"

"तीन," मी म्हणाले. त्यानं खिडकीतून आत बघितलं. मेहुणा हळूच म्हणाला, "दोन, साहेब. दोन."

पुढं दीड दिवस डोंगर. रस्ता कच्चा होता, पण होता. शेवटच्या वळणावर दाजूची बायको उभी होती, आणि तिच्यामागं गावातले बरेच लोक. तिनं हातानं मला जागा दाखवली. मी गाडी त्या सपाट केलेल्या तुकड्यावर लावली. ती आधी गाडीच्या मागच्या दाराकडं गेली. फळीवरच्या गादीवरून तिनं हात फिरवला. मग कांबळं उचललं आणि त्यात तोंड खुपसलं. तिच्या रडण्याचा आवाज नव्हता, पाठ नुसती हलत होती.

दोन दिवसांनी, नदीवरचे विधी झाल्यावर, मी तिला सगळं सांगितलं. मला न सांगता परत यायचं नव्हतं. डॉक्टर काय म्हणाले होते, क्लच प्लेट, विमा, पुळ्याची सकाळ, धुकं. मेहुणा भाषांतर करत होता. "असंच पुढं चल" तिथं आल्यावर तो थांबला. "हे राहू दे ना ताई," म्हणाला.

"नको. सांग."

त्यानं सांगितलं. तिनं त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. मग ती उठली आणि आत गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. संध्याकाळी तिनं माझ्यापुढं भाताची थाळी ठेवली आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली. माझ्याशी बोलली मात्र नाही. सकाळी निघताना तिनं भाजलेला मका फडक्यात बांधून दिला, तेव्हाही नाही.

इकडं रत्नागिरीत सगळे म्हणतात, बाई, तुम्ही त्याच्यासाठी केवढं केलंत, एवढं कोण करतं. मेस्त्री म्हणतात, डॉक्टर म्हणतात, शेजारच्या काकू तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी ऐकून घेते. तुझी चूक नव्हती, असं दाजूची बायको मला एकदाही म्हणाली नाही. महिन्या-दोन महिन्यांनी मीच तिला फोन करते. ती आपल्या भाषेत पाऊस, मका, म्हशीचं सांगते, मी माझ्या भाषेत बागेचं. दोघींना अर्धंमुर्धं कळतं. मग थोडा वेळ दोघी गप्प राहतो, फोन कानाला तसाच असतो, आणि शेवटी ती म्हणते, "ल, राख," म्हणजे बरं, ठेव आता. मी ठेवते.