एकशे ऐंशी सह्या

दत्तप्रसाद आजगावकर आमच्या शेजारचा. शारजात, अल मजाजला, एकाच मजल्यावर राहून आम्हाला सतरा वर्षं झाली. तो दुबईत, जबल अली बंदराजवळच्या एका गोदामात सुपरवायझर. पंधरा ऑगस्टला सकाळी कॉन्सुलेटात झेंडावंदन करून धावतपळत ड्यूटीवर जायचा. त्याच्या हाताखालच्या माणसांना तेही जमत नसे.

यंदा जूनमध्ये तो माझ्याकडे आला. "काकू, पंधरा ऑगस्टची ऑफिशियल सुट्टी मागायची. आधी कंपनीकडे, मग मिनिस्ट्रीकडे. एवढे इंडियन्स आहोत आपण इथे! तुमचं कॉन्व्हेंटचं इंग्लिश लागेल."

मी अर्ज लिहिला. वर सल्लाही दिला, की नुसत्या सहीला किंमत नसते. प्रत्येकाचा आयडी नंबर आणि लेबर कॅम्पमधली खोली लिहून घे. पुण्यात सोसायटीच्या पाण्यासाठी आम्ही असंच केलं होतं. इथे परवानगीशिवाय सह्या गोळा करायच्या नसतात, हे इतकी वर्षं राहून दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दत्तप्रसादने एकशे ऐंशी सह्या आणल्या. नावं नीट उतरवून घ्यायला ते कागद माझ्याकडे ठेवले. आठवड्याभरात कंपनीला कुणकुण लागली. एच.आर.च्या युसुफने त्याला बोलावलं. "दत्ताभाई, लिस्ट दे दो, आपको कुछ नहीं होगा. कल तक नहीं दी तो खलास, वीज़ा कैंसल."

त्याच दुपारी तो घाईने आमच्याकडे आला. मागोमाग बायको विभावरी आणि बारावीतली मुलगी शुभ्रा.

"काकू, देऊन टाका ते कागद त्या युसुफला," विभावरी म्हणाली. "ती माणसं कोण लागतात आमची?"

"त्या सगळ्यांना घरी पाठवतील, विभा," दत्तप्रसाद म्हणाला.

"आणि आपल्याला? देशभक्तीला माझंच घर सापडलं का तुम्हाला?"

"जस्ट गिव्ह इट, बाबा. प्लीज," शुभ्रा म्हणाली.

"नऊ जणांना लिहिता येत नाही. त्यांचे अंगठे मी हाताला धरून उमटवलेत. मी आहे ना, म्हणालो होतो त्यांना."

मी म्हटलं, "अर्ज माझा आहे. माझं नाव सांग."

"काकू, तुम्ही अंकुरच्या व्हिसावर आहात. त्याची नोकरी जाईल."

अंकुर माझा मुलगा. मी कपाटातले कागद आणून टेबलावर ठेवले.

दत्तप्रसादने टेबलावरचे कागद उचलले, न्हाणीघरात नेले, बादलीत टाकून नळ सोडला आणि कणीक मळावी तसे दोन्ही हातांनी कुस्करायला लागला. विभावरीने बादलीत हात घालून एक कागद ओढून काढला. तो ओला होता, पण नावं वाचता येत होती. तिने तो छातीशी धरला. दत्तप्रसादने तिची बोटं एकेक करून सोडवली. तो कागदही बादलीत गेला. शुभ्रा दारात उभी राहून, "स्टॉप इट, बोथ ऑफ यू," एवढंच म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी तो युसुफसमोर रिकाम्या हाताने गेला. व्हिसा रद्द झाला. सह्या केलेल्यांपैकी कोणाला काही झालं नाही.

पंधरा ऑगस्टला, शुक्रवारी, विभावरी सामान बांधत होती. शुभ्राला बारावीच्या मध्यात घ्यायला त्यांच्या गावच्या, चिपळूणच्या दोन कॉलेजांनी नकार दिला होता. तिसऱ्याचं उत्तर आलेलं नव्हतं. मी डबा घेऊन गेले. विभावरीने दार उघडलं, डब्याकडे पाहिलं, म्हणाली, "भांडी बांधून झाली, काकू," आणि दार लावून घेतलं.