वजन करून या

आमच्या गल्लीतले डॉक्टर वारले तेव्हा जो तो देवमाणूस गेला म्हणून उसासे टाकत होता. मला कुणी विचारलं नाही. मी काय बोलेन ते लोकांना ठाऊक होतं.

हाताला गुण होता, मान्य. जेवायला घरी निघालेले असताना कुणी जिन्यात अडवलं तर तिथेच पायरीवर बसवून तपासत. पण माणूस आजारी पडला की त्याची अक्कल जाते, असं त्यांचं ठाम मत. काही वाईट सापडलं की पेशंटला म्हणायचे, "बाहेर काट्यावर वजन करून या." तो बाहेर गेला की आत मुलाला, नाहीतर जावयाला सगळं सांगून मोकळे. ही युक्ती गल्लीतल्या पोरासोरांनाही माहीत होती. कुणाच्या लक्षात येत नाही असं एकट्या डॉक्टरांना वाटे.

माझी थोरली बहीण शिवणाचा क्लास चालवायची. तिच्या पोटात गाठ निघाली. रिपोर्ट घेऊन आम्ही गेलो. ती, तिचा मुलगा आणि मी. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला.

"आजी, जरा वजन करून या."

"आत येतानाच केलं," ताई म्हणाली.

"परत करा. काटा जरा हलतो."

"मग दुरुस्त करून घ्या. मी बसलेय."

भाचा कुजबुजला, "आई, जा ना. कशाला वाद?"

"गाठ तुझ्या पोटात आहे का? नाही ना? मग तू जा वजन करायला."

मला हसू आलं. डॉक्टरांना नाही. ते माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेल्या आहात. समजवा यांना. असं ऐकून पेशंट खचतो."

"कान तिला आहेत," मी म्हटलं. "तिच्याशी बोला."

तेव्हा कुठे बाहेर पडलं. भाच्यानं आदल्या दिवशीच त्यांना फोनवर रिपोर्ट वाचून दाखवला होता आणि दोघांत सगळं ठरलं होतं. ऑपरेशनची तारीखसुद्धा घेतलेली.

"म्हणजे पोट माझं फाडणार आणि मला पत्ता नाही," ताई म्हणाली. "बरं, नाही केलं तर?"

"नाही केलं तर…" डॉक्टर भाच्याला सांगू लागले.

ताईनं टेबलावर बोट आपटलं. "इकडे बघून."

मग त्यांनी सांगितलं. नाही केलं तर फार दिवस नाहीत. केलं तर थोडे जास्त, पण बरेचसे अंथरुणात. सांगताना शब्द अडखळत होते, कपाळावर घाम. पेशंट खचतो म्हणे. खचला होता तो हा.

ताईनं घरी जाऊन विचार केला आणि तारीख रद्द करायला लावली. क्लास चालू ठेवला. शेवटी दुखायला लागलं तेव्हा वेदनेवरचं औषध मात्र तिनं याच डॉक्टरांकडून भांडून घेतलं.

ती गेल्यावर डॉक्टर भेटायला आले. भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आईंनी ऐकलं असतं तर…"

"ऐकलं की तिनं," मी म्हटलं. "ऐकूनच नको म्हणाली."

पुढे रस्त्यात मी दिसले की ते पलीकडच्या बाजूनं जात. मीही कधी हाक मारली नाही.