बाबांनी न उलटवलेली डिंगी

आमच्याकडे होडी पालथी घालतात ती पावसाळ्यात, किनाऱ्यावर, झावळ्यांखाली विसावा द्यायला. पाण्यात तिला आपल्या हाताने कोणी उलटवत नाही. आणि मालवणात मी ज्या केंद्रात डिंगी, म्हणजे शिडाची छोटी होडी, चालवायला शिकवते, तिथला पहिला धडाच उलटवण्याचा. शहरातून आलेली मुलं खिदळत एका बाजूला झुकतात, शीड पाण्यावर आडवं पडतं. मग डिंगीच्या पोटातून खाली निघालेल्या फळीवर उभं राहून मागे रेलायचं, की ती पुन्हा सरळ. हौसेला मोल नसतं.

बाबांनी चाळीस वर्षं समुद्रात काढली. मासळी आटली, होडी विकावी लागली, आणि ते घरात बसून आईच्या हरेक कामात खोट काढू लागले. तेवढ्यात आमच्या केंद्राला सुरक्षा बोटीवर माणूस हवा होता. मीच बाबांच्या मागे लागले. पुन्हा पाण्यावर राहायला मिळेल, एवढ्या एका आशेवर ते तयार झाले. अट चाचणीची होती: डिंगी स्वतः उलटवायची आणि स्वतः सरळ करायची. मला वाटलं, हा तर त्यांच्या हातचा मळ.

चाचणीच्या सकाळी केंद्राचे साहेब कागद घेऊन शेजारच्या बोटीत बसले. डिंगीत आम्ही बापलेक. काठ धरून मागे झुका, असं मी बाबांना दोनदा सांगितलं. ते ढिम्म. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा हलक्या आवाजात म्हणाले, "होडी माझ्या हातान पालथी पडूची नाय गो. होया तर माका बुडव."

साहेब घड्याळ बघत होते. खोटं कशाला बोलू, मला बाबांची लाज वाटली. मी काठावर सगळं अंग टाकलं आणि आम्हा दोघांना पाण्यात पाडलं.

माझ्या नाकातोंडातलं पाणी निघेपर्यंत बाबा फळीवर उभेही होते. काठ धरून ते नुसते मागे रेलले. शीड पाण्यातून सुटलं, डिंगी उठली. तिचं तोंड वाऱ्याकडे धरून त्यांनी मला दंडाला धरून वर घेतलं. इतकं सफाईचं काम आमच्या एकाही शिक्षकाला जमत नाही, मला तर नाहीच. मग ओंजळभर पाणी डिंगीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, सोडून त्यांनी हात जोडले. त्या प्लास्टिकच्या डिंगीची माफी मागितली.

साहेब म्हणाले, सरळ छान केली, पण उलटवली तुम्ही, त्यांनी नाही. नियम तो नियम. नापास करण्याच्या कारणांसाठी कागदावर तीन चौकोन होते: गैरहजर, आजारी, पाण्याची भीती. माणूस तुमचा आहे, तुम्हीच भरा, म्हणून कागद माझ्याकडे सरकवला. समासात खरं काय ते लिहिता आलं असतं. भांडताही आलं असतं. पण त्याच महिन्यात मला कायम करायचं की नाही, ते साहेबच ठरवणार होते. मी तिसऱ्या चौकोनात खूण केली.

संध्याकाळी पडवीत बाबांनी विचारलं, काय लिहिलंस. मी सांगून टाकलं आणि शिव्यांची वाट पाहत उभी राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"खरा लिवलंस," ते म्हणाले. "भय होता म्हणानच रोज घराक येय होतंय."

मी कायम झाले. बाबा आता कसालला एका हॉटेलच्या फाटकावर शिट्टी घेऊन उभे असतात. समुद्र तिथून दिसत नाही. सुट्टीला घरी येतात तेव्हा अंगणातल्या दोरीवर समुद्रावरून आलेले माझे ओले कपडे दिसले, की वळसा घालून मागच्या दाराने आत जातात.