एकाही डबीत टोपी नव्हती

कीटकांच्या प्रयोगशाळेत तिला सगळे अळीमावशी म्हणत. बावीस वर्षं तिचं काम एकच, अळ्या वाढवणं. हरभऱ्याचं पीठ शिजवून त्यांचं खाणं करायचं आणि एकमेकींना खातात म्हणून प्रत्येकीला वेगळ्या डबीत ठेवायचं. आईंना आमच्यापेक्षा अळ्यांची काळजी जास्त, असं तिची धाकटी सून हसत म्हणायची. ते अगदीच खोटं नव्हतं.

त्या सोमवारी मॅडमच्या नव्या औषधाची चाचणी लागली. वर्षभर खपून त्यांनी ती पांढरी भुकटी बनवली होती. पोटात गेली की अळी मरावी, एवढीच अपेक्षा. शंभर डब्यांत औषध मिसळलेलं खाणं घातलं, शंभर साध्या ठेवल्या. गुरुवार उजाडला तरी सगळ्या अळ्या ठणठणीत. साहेबांनी दारातूनच सांगितलं, औषध फुसकं आहे, ट्रे टाकून द्या. मॅडमचं तोंड एवढंसं झालं.

मावशी डब्या रिकाम्या करायला बसली आणि तिचा हात थांबला. अळी कात टाकते तेव्हा डोक्यावरचं जुनं कवच गळून पडतं, मोहरीहून बारीक काळी टोपी. साध्या डब्यांत सकाळीच टोप्या पडलेल्या होत्या. तिने औषधाच्या डब्या भराभर उघडल्या. दहा, वीस, चाळीस. एकाही डबीत टोपी नव्हती.

ती जवळजवळ पळतच मॅडमकडे गेली.

“मॅडम, ह्या मेल्या नाहीत हे खरं. पण ह्यांनी कातही टाकलेली नाही. सगळ्या एकाच दिवशी जन्मलेल्या आहेत. आजचा दिवस थांबा.”

मॅडम थांबल्या. दोघी भिंगाला डोळा लावून आळीपाळीने बसल्या. चारच्या सुमाराला एका अळीची कात मानेपाशी फाटली. अळी बाहेर यायला धडपडली, पण आतली नवी कातडी इतकी कच्ची होती की तीही फाटली. मग दुसरीचं तसंच झालं, मग तिसरीचं. मॅडमनी मावशीचा दंड घट्ट धरला तो सोडलाच नाही.

“मावशी, हे विष नाहीच. हे त्यांची वाढच अडवतंय.”

मावशीने घरी फोन लावला, कात अडकली, यायला उशीर होईल. नवऱ्याने घाबरून विचारलं, ऑफिसात साप निघाला की काय?

शुक्रवारी सकाळी शंभरातल्या सत्त्याण्णव गेल्या होत्या. साध्या डब्यांतल्या मात्र मजेत खात होत्या. साहेब बराच वेळ भिंगावरून उठेनात. उठले ते म्हणाले, यापुढे मावशींना विचारल्याशिवाय एकही ट्रे टाकायचा नाही.

घरी तिने दोन्ही खांदे आखडून अळी कशी अडकली ते करून दाखवलं. धाकट्या सुनेने विचारलं, “आई, वाईट नाही वाटलं? तुम्हीच वाढवलेल्या ना?”

“वाटलं गं थोडं,” मावशी म्हणाली. “पण बावीस वर्षांत असं काही पाहिलं नव्हतं मी. थांब, ती दुसरी अळी कशी वळली ते तुला दाखवायचं राहिलंच.”