केस द्यायचे राहिले होते

माझ्या मानेसाठी त्या वर्षी घरात पाच उशा आल्या. एक मधोमध खोलगट, एक लाटेसारखी, एक गव्हाच्या भुशाची, एक नुसतं नळकांडं, आणि पाचवी तान्ह्या बाळांच्या डोक्याखाली देतात ती मोहरीची. ही मोहरीची मेहुणीने तिच्या नातवाची वापरून झाल्यावर मोठ्या मायेने पाठवली होती. दुखणं कोणत्याच उशीला बधलं नाही. ते उजव्या कानामागून निघायचं, मानेतून खांद्यावर उतरायचं आणि तिथे मुक्काम ठोकायचं.

मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन. तीस-बत्तीस वर्षं मान खाली घालून धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढले. त्यामुळे मान दुखते म्हटलं की समोरचा लगेच "दुखणारच" म्हणायचा आणि विषय संपायचा. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय काढून झीज दाखवली आणि गळ्यात पट्टा घातला. मेंदूच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी मला ऑफिसात टेबलावरच झोप लागायची. सरकारी ऑफिसात त्याने कुणाचं काही अडलं नाही. पेठकडच्या एका सहकाऱ्याने त्याच्या गावच्या वैद्याचं तेल आणून दिलं, त्याच्या वासाने बसमधली माणसं माझ्याशेजारून उठून जायची. मान होती तिथेच दुखत होती.

आई आमच्याकडेच होती. तिला आम्ही माय म्हणतो. तिच्यासमोर मी पट्टा काढून ठेवायचो. कधी दिसलाच, तर ऑफिसातल्या एसीचं वारं लागतं म्हणून घालतो असं सांगायचो. मायला काही कळू द्यायचं नाही, हे आमच्या घराचं वळणच पडलं होतं. त्याला कारण होतं, आणि ते लहान नव्हतं.

माय नामपूरला दादाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे राहायची. अंगणात पाय घसरला आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. दादा तिला गाडीत घालून नाशिकला घेऊन आला, ऑपरेशन झालं, आणि ती इंदिरानगरला आमच्या घरी आली. दादा तिला पलंगावर नीट निजवून, "तू आहेस ना, मग मला घोर नाही," असं मला म्हणून गावी परतला. तिसऱ्या दिवशी सकाळी कांद्याच्या चाळीत तो बसल्या जागी गेला. छातीत दुखतंय म्हणून वहिनीला हाक मारण्याएवढाही वेळ त्याला मिळाला नाही.

सगळे नातेवाईक एकच म्हणाले, "म्हातारीला आत्ता सांगू नका, ती जायची." मलाही ते पटलं. आठ-पंधरा दिवसांनी, जखम भरली की सांगू. ऑफिसचं काम निघालंय असं मायला सांगून मी दादाला पोचवून आलो. बायकोने लपवायला होकार दिला, पण सुतक पाळणार म्हणाली. "माणसांशी खोटं बोलते, देवाशी नाही बोलणार." दहा दिवस तिने देवाला हात लावला नाही. माय गोळ्यांच्या गुंगीत असते, तिच्या काय लक्षात येणार, असं आम्ही दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

दहाव्याला मोसम नदीवर सगळे चुलतभाऊ ओळीने बसले आणि केस देऊन उठले. न्हावी ओला हात घेऊन माझ्याकडे वळला, तेव्हा मी नको म्हणालो. डोकं भादरून घरी गेलो असतो, तर मायला सांगायचं काय उरलं असतं? पण हे तिथे प्रत्येकाला कसं समजावणार? मागून कुणीतरी म्हणालं, "राहू द्या, सायेब हायेत ते." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा भाऊ, ज्याने स्वतःची शाळा सोडून मला ड्रॉइंगची पेटी घेऊन दिली, त्याच्यासाठी मी चार केस दिले नाहीत. मी नदीवरून भांग पाडलेल्या डोक्याने परत आलो. मान दुखायला लागली ती त्याच महिन्यात, पण तेव्हा मी या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

आठ-पंधरा दिवसांचे चौदा महिने झाले. सुरुवातीला माय म्हणायची, "मोठाले फोन लाव." दादाला ती मोठा म्हणायची. मग दादा बांधावर असायचा, तिथे रेंज नसायची, त्याचा फोन विहिरीत पडायचा. एवढ्या थापा मी उभ्या आयुष्यात मारल्या नव्हत्या. पुढे तिने विचारणं सोडलं. मला वाटलं, वय झालं, विसरते. तिने विचारणं सोडलं तरी मी सांगणं सोडलं नाही. ऑफिसातून आलो की बूट काढता काढता सुरू. दादाने कांदा चाळीत भरला, दादाने ठिबक बदललं, दादाचा खोकला बरा आहे. ती भिंतीकडे बघत "बरं" म्हणायची.

वहिनी दोनदा भेटायला आली. खाली पार्किंगमध्ये माझ्या स्कूटरच्या आरशात बघून तिने कपाळाला टिकली लावली, पिशवीतून मंगळसूत्र काढून गळ्यात घातलं, आणि मग जिना चढली. मी तिच्यामागे पिशवी धरून उभा होतो. माझ्या नोकरीत मी कधी वरकमाई केली नाही, पण त्या जिन्यात मला चोरासारखं वाटलं. मायने तिचा हात बराच वेळ सोडला नाही. पलंगावरून उठायला आधार हवा असेल, असं मी समजलो.

शेवटी बायकोनेच कुठूनतरी शोध लावला की गंगापूर रोडला एक डॉक्टर बाई फक्त दुखण्याचंच बघतात. मी म्हणालो, "दुखणं म्हणजे काय वेगळा अवयव आहे?" ती म्हणाली, "तुमच्याकडे बघून तसंच वाटतं." मी गेलो.

डॉक्टर बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मी रिपोर्टांची पिशवी त्यांच्यापुढे सरकवली, तर त्यांनी ती बाजूला ठेवली. "हे मी बघणारच आहे. आधी तुम्ही सांगा." त्यांनी बोटांनी मान, खांदा, पाठ दाबून पाहिली, हातातली ताकद पाहिली, आणि मग घरची माहिती विचारायला लागल्या. मी आपला फॉर्म भरावा तसा उत्तरं देत होतो. वडील नाहीत. आई माझ्याकडे.

"भावंडं?"

"एक थोरले भाऊ. गावी असतात, शेती बघतात."

"त्यांची तब्येत?"

"ठणठणीत."

शेजारी बायको पर्सची चेन लावत होती, तिचा हात थांबला. "अहो," ती हळूच म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "ह्यांचे दादा गेले. चौदा महिने झाले."

खरं सांगतो, मला पहिल्यांदा राग आला तो तिचाच. एवढं जपून ठेवलेलं हिने परक्या बाईसमोर फोडलं, असं वाटलं. मग लक्षात आलं की समोर माय नाही. समोर डॉक्टर आहे, इथे खोटं बोलायची काही गरजच नव्हती, आणि तरी माझ्या तोंडून दादा ठणठणीत आला. मला रडू फुटलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, पांढरा शर्ट घालून, मी तिथे हुंदके देत बसलो. बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. बायको माझी पाठ चोळत होती, तीही रडत होती.

बऱ्याच वेळाने त्यांनी पिशवी उघडून सगळ्या फिल्मा उजेडासमोर धरून पाहिल्या. "ही झीज तुमच्या वयाला साजेशीच आहे. नस कुठे दबलेली नाही. एवढं दुखायचं कारण यात नाही."

"म्हणजे माझ्या मनाचे खेळ?" माझा आवाज चढला.

"नाही. दुखणं अगदी खरं आहे. उजवा खांदा खाली घ्या बरं."

"खालीच आहे."

त्यांनी मला आरशासमोर उभं केलं. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं वर, कानाकडे ओढलेला. आयुष्यभर सरळ रेषा काढणाऱ्या माणसाला स्वतःचे खांदे तिरके दिसले नव्हते. तो खाली करायचा प्रयत्न केला, तर जमेना. बायको म्हणाली, "हे गेल्या वर्षापासून असेच बसतात. कुणी मारायला आल्यासारखे."

बाईंनी समजावून सांगितलं. घरात सतत जपून बोलायचं, दार वाजलं की सावध व्हायचं, भाऊ गेला तरी मोकळेपणी रडायचं नाही, यात शरीर आवळून बसतं आणि मग त्याला सैल कसं व्हायचं ते आठवत नाही. त्यांनी व्यायाम दिले, एक हलकी गोळी दिली, आणि एका समुपदेशक बाईंकडे जायला सांगितलं. मी विचारलं, "आईला सांगायलाच हवं का?" त्या म्हणाल्या, "ते मी ठरवणार नाही. त्यांना तुम्ही ओळखता. पण तुम्ही दादांसाठी काहीतरी करा. अजून काहीच केलं नाहीये तुम्ही."

जिना उतरताना माझे पाय हलके पडत होते. ऑपरेशन नव्हतं, मला वेड लागलेलं नव्हतं, आणि कुणीतरी पहिल्यांदा माझं दुखणं अथपासून इतिपर्यंत ऐकून घेतलं होतं. कोपऱ्यावरच्या टपरीवर आम्ही दोघं चहा प्यायलो आणि दादाबद्दल मोठ्याने बोललो. घरी आम्ही हे स्वयंपाकघरात, नळ सोडून बोलायचो. बायको हसली आणि म्हणाली, "दादा असते तर म्हणाले असते, पाच उशा घेतल्यास, एक मला का नाही पाठवलीस?"

तरी मायला सांगायचा धीर व्हायला पुढे दोन रविवार गेले. तिला धक्का बसला आणि काही झालं तर, या भीतीने जीभ उचलत नव्हती. तिसऱ्या रविवारी दुपारी ती वॉकर शेजारी ठेवून मटार सोलत बसली होती. मी समोर बसलो, चार शेंगा सोलल्या आणि म्हणालो, "माय, दादानं..." आणि पाचवी शेंग उचलली.

तिने शेंग खाली ठेवली. "मोठा गया, हाई माले ठाऊक शे," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"धा दिन घंटी वाजनी नही. माले मोजता येत नही का?"

बायको रोज सकाळी पूजेला घंटी वाजवते, आणि ती अशी वाजवते की वरच्या मजल्यावरचे उठतात. माय पलंगावर डोळे मिटून पडल्या पडल्या ती न वाजलेली घंटी मोजत होती. दहा दिवसांचं सुतक म्हणजे घरातलंच माणूस, हे काय तिला सांगायला हवं होतं? पुढे फोन कधीच लागला नाही, तेव्हा कोण ते तिला कळलं. आम्ही सगळं लपवलं आणि सुतक तेवढं पाळलं. आमच्यासारखे शहाणे आम्हीच.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तू सांगशी म्हनीसन वाट देखी." तिचे डोळे भरून आले. "तुले बीपी शे. तुले काय व्हयनं तर?"

आम्ही तिचा जीव जपत होतो आणि ती माझा. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो, तीही रडली, आणि बायको दारातच खाली बसली. मटाराचे दाणे घरभर झाले. लेक गेल्याचं दुःख तिने चौदा महिने एकटीने, भिंतीकडे तोंड करून काढलं, आणि वर रोज संध्याकाळी माझ्या तोंडून त्याच्या शेतीच्या गोष्टी ऐकून "बरं" म्हटलं. ते आठवलं की मला अजून लाज वाटते. पण त्या दुपारी लाजेहून मोठं काहीतरी छातीवरून उतरत होतं, आणि ते मला स्पष्ट जाणवत होतं.

मान अगदी लख्ख बरी झाली असं मी म्हणणार नाही. थंडीत धरते, नकाशावर फार वेळ वाकलो तर कुरकुरते. पण पट्टा माळ्यावर गेला, व्यायाम चालू आहेत, आणि समुपदेशक बाईंकडे मी कुरकुर न करता जातो. वहिनी आता जशी आहे तशीच जिना चढून येते. मोहरीची उशी तेवढी ठेवली आहे, तिच्यावर खरंच झोप छान लागते.

त्या रविवारी रडून झाल्यावर मायने पदराने तोंड पुसलं आणि माझ्या डोक्याकडे बघितलं. "जाय, केस दीसन ये."

"आता? चौदा महिन्यांनी?"

"केस काय कॅलेंडर देखतस का?"

मी चप्पल घालून गल्लीतल्या नेहमीच्या सलूनमध्ये गेलो. न्हाव्याने मशिन हातात घेऊन सवयीने विचारलं, "साहेब, मीडियम?" मी म्हणालो, "सगळे काढ. माझा भाऊ गेला." कुणा परक्याला हे मी पहिल्यांदा सांगत होतो. त्याने मशिन ठेवून दिलं, टीव्ही बंद केला, हात ओला केला आणि वस्तरा घेतला. केव्हा गेला हे त्याने विचारलं नाही.

घरी आलो तेव्हा देवापुढे दिवा लागलेला होता. माय पलंगावर बसली होती. मी तिच्यापुढे खाली बसलो. तिने दोन्ही हात माझ्या तुळतुळीत डोक्यावरून फिरवले, मग उजवा हात कानामागून मानेवर आणला आणि नेमक्या त्याच जागी थांबवला.

"अठे दुखस का?"

म्हणजे हेही तिला ठाऊक होतं. नाही म्हणायची मला सवय झाली होती.

"दुखस, माय," मी म्हणालो.

तिने हात तिथेच ठेवला.